सॅडल घासल्यापासून गिटारचा आवाज दबलाय, उंची परत वाढवू का?

नमस्कार मंडळी,

माझी स्टीलच्या तारांची ड्रेडनॉट (मोठ्या आकाराची अकूस्टिक गिटार) आहे, टॉप म्हणजे पुढची फळी सॉलिड स्प्रूसच्या लाकडाची. बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरताना डावा हात भरून यायचा, म्हणून मागच्या महिन्यात सॅडल (टॉपवर तारा टेकतात ती बारीक पट्टी) काढून खालच्या बाजूने दीड मिमी घासली. घासतो त्याच्या निम्मीच उंची बाराव्या फ्रेटवर उतरते, हे धरूनच केलं होतं. तिथे सहाव्या (सर्वांत जाड) तारेखालचं अंतर 2.75 मिमी होतं ते 2 झालं, पहिलीचं (सर्वांत बारीक) 2 वरून सव्वा.

हात सुखावला, पण गिटारचा जीव गेल्यासारखं झालंय. बोटांनी हळू वाजवलं तर ठीक. पिकने जोर लावला की आधी आवाज चढत जायचा. आता एका पातळीला अडतो आणि जाड तारा फ्रेटवर खरखरतात. पहिली तार तर हळू छेडली तरी मुकीच.

नेकचा बाक बघितला. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, नेक बॉडीला मिळते तिथे सहावी तार दाबली आणि सातव्या फ्रेटवर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला: 0.2 मिमी. म्हणून ट्रस रॉडला (नेकचा बाक कमीजास्त करणाऱ्या आतल्या सळईला) हात लावलेला नाही.

आणखी एक, त्याच दिवशी तारा 12 च्या (पहिली तार 0.012 इंच जाड) काढून 11 च्या, म्हणजे त्याहून बारीक लावल्या. आता दोष नक्की कशाचा, तेच कळेना. तारा टॉपपासून जितक्या उंच तितका आवाज मोठा, हे खरं का? सॅडलखाली पातळ पट्टी सरकवू की नवी हाडाची करून घेऊ?

प्रतिसाद

नवी सॅडल करायची घाई करू नका. आधी 12 च्या तारा परत चढवा, कारण 11 च्या तारांना ताण कमी, त्यामुळे टॉप कमी हलतो. शिवाय त्या ढिल्या असल्याने फ्रेटला लवकर लागतात.

उंचीचं म्हणणं खोटं नाही. तार ब्रिजला (सॅडल ज्यात बसते त्या टॉपवरच्या लाकडाला) पुढेमागे डोलवते आणि उंची वाढली की तिला तरफ जास्त मिळते. पण ब्रिजजवळ तारा टॉपपासून साधारण 12-13 मिमी वर असतात, त्यातला दीड गेला म्हणून एवढा आवाज पडत नाही. तुमचा जास्त तोटा खरखरीत आहे: तार फ्रेटवर आपटली की पुढचा जोर तिथेच वाया जातो.

पहिल्या तारेचं कारण मात्र वेगळं वाटतं. हाताने घासताना सॅडलची टोकं जास्त झिजतात. सॅडल काचेवर उभी ठेवून मागून टॉर्च मारा. टोकाखालून उजेड आला तर त्या तारेखाली सॅडल लाकडाला नीट भिडतच नाहीये.

मूळ प्रश्नकर्ता

उजेड आला! पहिल्या तारेच्या बाजूलाच. काचेवर सँडपेपर चिकटवून तळ सपाट केला, 12 चा सेट चढवला. पहिली तार परत बोलायला लागली, खूप आभार. त्यात सॅडल आणखी थोडी उतरली, त्यामुळे जोरात वाजवताना सहावी अजून खरखरते. सहावी बाराव्या फ्रेटवर 2.3-2.4 ला येईल अशी नवी सॅडल करून घेतो. पहिलीकडची बाजू 1.5 वर ठेवली तर जोराच्या स्ट्रमिंगला पुरेल का?