वेगळ्या प्रकारात लिहिताना टोपणनाव घ्यावं का? सल्ला हवाय

पानगळ:
नमस्कार मंडळी. आजवर माझं सगळं लिखाण लहान मुलांसाठी, गोष्टी आणि थोड्याफार कविता, सगळं स्वतःच्या नावाने छापलेलं. आता एक कादंबरी लिहून झालीये, रहस्य म्हणून सुरू केली आणि भयकथेकडे सरकत गेली. पहिल्याच प्रकरणात विहिरीतून प्रेत वर काढतात आणि त्याच्या एका हाताला बोटं नसतात, म्हणजे एकूण अंदाज आला असेल. संपादक म्हणतात दुसरं नाव घ्या. नवरा म्हणतो इतक्या वर्षांत कमावलेलं नाव सोडून परत शून्यापासून कशाला? मला दोघांचंही पटतं, तीच गोची आहे. घ्यायचं झालं तर गुप्त ठेवायचं का उघड? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

चकवा:
घ्या सरळ. पालक घाईत असतात, ओळखीचं नाव दिसलं की पुस्तक घेतात, मागचा मजकूर कोण वाचतंय. आणि मग शिव्या तुम्हालाच.

रद्दीवाला राजा:
आपल्याकडे हे नवीन नाहीये. गडकऱ्यांचंच बघा ना, नाटकं राम गणेश गडकरी, कविता गोविंदाग्रज, विनोदी लेख बाळकराम. शिरवाडकर कवितेत कुसुमाग्रज आणि नाटकांवर वि. वा. शिरवाडकर. खानोलकरांनी कविता आरती प्रभू नावाने लिहिल्या, कादंबऱ्या-नाटकं स्वतःच्या नावाने. यात लपवाछपवी म्हणाल तर फारशी नव्हती, दोन्ही माणसं एकच हे वाचकांना ठाऊक होतं, पण मुखपृष्ठावरचं नाव बघूनच कळायचं की आत काय मिळणार. तुम्हाला एवढंच हवंय असं मला वाटतं.

खरं गुप्त ठेवायचं कारण वेगळं असतं. मालतीबाई बेडेकरांनी विभावरी शिरूरकर नाव घेतलं ते १९३३ च्या काळात बाईने तसलं लिहिलं तर लोक घरावर येतील म्हणून. तुमच्या विहिरीतल्या प्रेतामुळे कोणी घरावर येणार नाही (बहुतेक).

अर्धविराम:
मी उलट मताचा. दुसरं नाव म्हणजे दुसरा संसार. दुसरं पेज, दुसरी मेल लिस्ट, दुसरा फोटो (का फोटोच नाही?), आणि लिहायला तेवढेच तास. नवीन नावाला ना परीक्षण मिळतं ना कोणी ओळखतं. हॅरी पॉटरवाल्या रोलिंगने २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ नावाने रहस्यकथा काढली, परीक्षणं चांगली होती तरी खप बेताचाच, आणि एप्रिलमध्ये आलेल्या पुस्तकाचं बिंग जुलैत फुटल्यावर मात्र रातोरात उड्या. म्हणजे विकलं कोणी, तर जुन्या नावानेच ना?

आणि गुपित टिकत नाही हो. तिचं फुटलं वकिलाच्या ऑफिसातून, त्याने खासगीत बायकोच्या मैत्रिणीला सांगितलं, झालं. भयकथावाल्या स्टीफन किंगचं रिचर्ड बाकमन हे टोपणनाव १९८५ ला उघड झालं ते एका पुस्तकाच्या दुकानातल्या कारकुनामुळे, त्याला शैलीवरून शंका आली आणि त्याने कॉपीराइटची नोंद काढून बघितली, तिथे एका पुस्तकापुढे किंगचं नाव!

रद्दीवाला राजा:
@अर्धविराम, पण रहस्यकथांच्या अगाथा ख्रिस्तीचं १९३० ला सुरू झालेलं मेरी वेस्टमाकॉट हे टोपणनाव १९४९ पर्यंत गुप्त टिकलं की. आणि फुटल्यावरही तिने त्याच नावाने लिहिणं सोडलं नाही, त्या कादंबऱ्यांत खून नसतो एवढं वाचकाला कळलं म्हणजे बास. बाकी रोलिंगचं उदाहरण इथे लागू होत नाही, तिचं नाव जेवढं मोठं आहे तेवढं असतं तर पानगळताईंनी धागाच काढला नसता :)

दोनओळी:
एक बाजू राहतेय. मुलं स्वतः शोधतात. वाचनालयाच्या किंवा कुठल्याही साइटवर लेखकाचं नाव टाइप केलं की ससा-कासवाच्या शेजारी ते रक्ताळलेलं मुखपृष्ठ. आणि ऑनलाइन दुकानं तर 'हे घेणाऱ्यांनी हेही घेतलं' म्हणून मुलांच्या पुस्तकाखाली भयकथा दाखवतात. प्रौढांसाठीच्याच दोन प्रकारांत लिहीत असता, म्हणजे विनोदी आणि ऐतिहासिक वगैरे, तर मी म्हटलं असतं नाव बदलू नका, मुखपृष्ठ वेगळं करा. मुलं मध्ये आली की नाव वेगळंच हवं. इयान बँक्स हा स्कॉटिश कादंबरीकार विज्ञानकथांवर नावात फक्त मधलं एम लावायचा, पण मुलांच्या बाबतीत तेवढ्याने भागणार नाही, एक अक्षर बघतंय कोण.

कायदेशीर कटकट:
करार खऱ्या नावानेच करा आणि 'पुस्तकावर अमुक नाव छापावं' असं त्यातच लिहून घ्या, मानधनही खऱ्या नावाच्या खात्यात येतं. दुसरं म्हणजे पूर्ण गुप्त राहायचं ठरवलंत तर कॉपीराइटची मुदत मोजायची पद्धत बदलते. बर्न करारात (कॉपीराइटचा आंतरराष्ट्रीय करार) कमीत कमी मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, पण टोपणनावामागचं माणूस माहीतच नसेल तर प्रकाशनापासून ५०. कित्येक देशांत आकडा जास्त आहे पण हिशोब साधारण हाच. उघड टोपणनावाला हा प्रश्न येत नाही. आणि हो, मुलांच्या पुस्तकांच्या जुन्या करारात 'पुढचं पुस्तक आधी आम्हाला दाखवायचं' असं कलम आहे का बघा, नाव बदललं म्हणून ते सुटत नाही.

पानगळ:
सगळ्यांचे आभार, करार काढून बघते आत्ताच. उघड टोपणनाव पटतंय. मुलांच्या पुस्तकांवर त्याचा उल्लेख अजिबात नाही, पण कादंबरीच्या मलपृष्ठावर परिचयात खरं नाव द्यावं का?

दोनओळी:
मलपृष्ठावर नको, ऑनलाइन माहितीत तोच मजकूर जसाच्या तसा चिकटवतात आणि मग शोधात परत दोन्ही एकत्र. मुलाखतीत कोणी विचारलं तर सांगा की. आणि नाव पक्कं करायच्या आधी शोधून बघा, त्या नावाचा दुसरा लेखक नको.

चकवा:
बोटं का नव्हती ते सांगा आधी.