१६० ने गाडी हाणणाऱ्याला दोन हजारांचा दंड पुरे?

घाटवाट:
मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ खाली कारला वेगाचा दंड १,००० ते २,००० रुपये. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादा १०० ची. तुम्ही १०८ ने जा नाहीतर १६० ने, दंड २,००० च्या वर जात नाही. धोका मात्र कुठल्या कुठे जातो. ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा. कोरड्या रस्त्यावर १०० ला गाडी थांबायला शंभरेक मीटर लागतात, १६० ला दोनशेच्या वर. ६० ने चढणारा ट्रक मधेच लेन बदलतो तेव्हा तेवढी जागा नसतेच. स्वित्झर्लंडमध्ये १२० च्या रस्त्यावर २०० गाठलं की ४ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपल्याकडेही मर्यादेच्या वर ५० गेलं की थेट गुन्हा आणि परवाना निलंबित, असं स्पष्ट कलम हवं.

कोर्टकचेरी:
सपशेल असहमत. कलमं कमी नाहीत. कर्नाटकने ऑगस्ट २०२४ पासून १३० च्या वर गुन्हे नोंदवायचं ठरवलं, ते नवा कायदा न करता. बेदरकार गाडी चालवण्याबद्दल भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ आहेच, शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये (धोकादायक गाडी चालवणं) पहिल्याच वेळी १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. घोडं अडतं पुराव्यावर. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, चलन मालकाच्या नावावर निघतं. दंड मालक भरून टाकेल, पण कैद द्यायची तर स्टिअरिंगवर कोण होतं ते सिद्ध करावं लागतं. रात्रीच्या फोटोत काचेमागचा चेहरा ओळखू येत नाही. त्यात केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १६७अ प्रमाणे कॅमेऱ्यासारख्या यंत्राचं मंजुरी प्रमाणपत्र दरवर्षी नवं करावं लागतं. ते राहिलं असेल तर बचावाचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

घाटवाट:
मग कलम १३३ वापरा ना! चालक कोण होता हे पोलिसांनी विचारल्यावर सांगणं मालकावर बंधनकारक आहे. न सांगितल्यास कलम १८७ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड. चलनासोबतच ही नोटीस गेली पाहिजे.

कोर्टकचेरी:
हे मान्य, पण त्यासाठी शिक्षा वाढवायची गरज कुठे आली?

साइडपट्टी:
दोघांचंही एक राहून गेलं. कॅमेऱ्याची कमान दिसली की लोक ब्रेक मारतात, पुढे गेले की पुन्हा दाबतात. दोन कमानींमधल्या वेळेवरून सरासरी काढा. ३० किलोमीटरला १०० ने १८ मिनिटं लागतात. कोणी १२ मिनिटांत पोचला तर सरासरी १५० झाली, आणि "क्षणभर ओव्हरटेक करत होतो" हा बचाव तिथेच संपला.

घाटवाट:
बरोबर. फौजदारी कलम लावायचं ते या सरासरीवर लावा, एका फोटोवर नको.