तात्पुरत्या फायलीला "सेव्ह करायची का?" विचारणं बंद करा राव

रात्रपाळी: काल गिटच्या डिफटूलने (गिट कोडच्या जुन्या आवृत्त्या जपतं, डिफटूल दोन आवृत्त्यांतला फरक शेजारी शेजारी दाखवतं) डावीकडे जुनी आवृत्ती, उजवीकडे माझी चालू फाईल अशी उघडली होती. बघता बघता दोन ओळी नीट केल्या त्या डावीकडेच (हो, बाजू चुकली, रात्रीचा दीड वाजला होता). बंद करताना विचारलं, बदल सेव्ह करायचे का, मी हो म्हटलं. सकाळी बघतो तर काहीच नाही. डावीकडची फाईल गिट टेंप फोल्डरमध्ये तेवढ्यापुरती काढतं आणि टूल बंद झालं की उडवून टाकतं. जी उडणारच आहे तिला सेव्ह करू का हा प्रश्न कशाला? टेंपमधली असेल तर विचारूच नये.

जुनं_खोड: टूलला काय स्वप्न पडतं का ती तात्पुरती आहे म्हणून? त्याला दोन पाथ (फायलींचे पत्ते) मिळतात, बास. आणि टेंपमध्ये काय नुसता कचरा असतो होय? मेलमधली अटॅचमेंट थेट उघडली की ती पण बऱ्याचदा तिथेच कुठेतरी पडते, तिच्यात तासभर काम केलं आणि न विचारता बंद झालं तर तूच इथे येऊन शिव्या घालशील. नुसतं बघून बंद केलं असतंस तर विचारलंही नसतं.

रात्रपाळी: अटॅचमेंटचं मान्य. पण मग नीट तरी विचारा ना, तो लांबलचक पाथ बघून कुणाला कळणार डावी की उजवी.

खिडकीवाली: भांडताय कशाला, डावी बाजू रीड-ओन्ली करून टाक. विनमर्ज हे तुलनेचं टूल असेल तर त्याच्या कमांडमध्ये स्लॅश डब्ल्यूएल दिलं की डावीकडे बदल करता येत नाही, म्हणजे प्रश्नच मिटला, आणि स्लॅश डीएल देऊन वर "जुनी" असं नावही दाखवता येतं. दोन जुन्या कमिटची (गिटमध्ये जपलेल्या आवृत्त्यांची) तुलना असेल तर दोन्ही बाजू तात्पुरत्या, तेव्हा डब्ल्यूआरपण लाव. मर्ज करताना (दोन आवृत्त्या एकत्र करताना) मात्र जिथे निकाल लिहिला जातो ती बाजू मोकळी ठेव, ती फाईल खरी असते.

प्रुफवाला: मी कोडवाला नाही, प्रुफं तपासतो. असल्याच तुलनेच्या टूलमध्ये लेखकाचा मजकूर एकीकडे, डीटीपीवाल्याचा दुसरीकडे पेस्ट करायचा, कुठे अनुस्वार उडालाय, कुठे "कि" आणि "की" बदललंय ते बघायचं. बंद करताना दोन्हीकडचं विचारतं, आणि नाव काय तर अनटायटल्ड. दिवसातून वीसदा "नाही" दाबतो. मागच्या महिन्यात उजवीकडे तिथल्या तिथे तीन पानं ऱ्हस्व-दीर्घ सुधारली आणि हात सवयीने "नाही"वर गेला. माझा मजकूर तर डिस्कवर नव्हताच, तुमच्या टेंपपेक्षा तात्पुरता, पण मला हवा होता ना तोच.

जुनं_खोड: घ्या. आता याला पण विचारायचं नाही का?

रात्रपाळी: अहो पण त्यांना विचारलं तरी गेलंच ना! वीसदा उगाच विचारल्यामुळेच हात आपोआप "नाही"वर जातो, हेच तर बोंबलतोय मी.

प्रुफवाला: ते खरंय. पण विचारलंच नसतं तर तीन पानं रोजच गेली असती की.

रात्रपाळी: बरं. माझं टूल वेगळं आहे पण तसलाच पर्याय सापडला, लावला. आता डावीकडे टाईप केलं की नुसता टुंग आवाज येतो.