मुलीचे इसब आणि मनावरचा ताण

पारिजात :
माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला लहानपणापासून कोपरांच्या खोबणीत आणि गुडघ्यांमागे इसब आहे. जूनमध्ये आमची बदली होऊन तिची शाळा बदलली, तेव्हापासून ती झोपेतही रक्त येईपर्यंत खाजवते. सासूबाईंनी वांगे, दही, अंडी सारे बंद केले, तरी फरक नाही. हा ताणाचा परिणाम असेल का? तसे असेल तर मलम थांबवून समुपदेशकाकडे न्यावे का?

रानजाई :
मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इसबाच्या मुळाशी आनुवंशिकता आणि त्वचेचा कमकुवत संरक्षक थर असतो. केवळ ताणाने ते निर्माण होत नाही, परंतु असलेले इसब ताणाने नक्कीच भडकते. अशा वेळी त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांतून स्रवणारी रसायने तेथील मास्ट पेशींना, म्हणजे खाज आणणारी द्रव्ये सोडणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींना, चेतवतात, खाज सुटते, खाजवल्याने आधीच नाजूक असलेला थर आणखी फाटतो आणि त्यातून पुन्हा खाज वाढते. त्यात झोपमोड झाली की मूल दुसऱ्या दिवशी अधिकच हळवे होते. म्हणून मलम कृपया थांबवू नका. समुपदेशन हवे असेल तर ते उपचारांच्या जोडीने घ्यावे. कोमट पाण्याने थोडक्यात अंघोळ घालून, अंग टिपताच मॉइश्चरायझर लावा. ‘खाजवू नकोस’ असे बजावण्यापेक्षा खाज आली की मूठ आवळून धरायला किंवा गार ओली घडी ठेवायला शिकवा. वाढत्या वयात डॉक्टरांना न विचारता अंडी आणि दही बंद करणे मला योग्य वाटत नाही.

फळा-खडू :
मी प्राथमिक शिक्षक आहे. माझ्या वर्गातील एका मुलाला चाई पडली होती. ‘तू फार टेन्शन घेतोस’ असे घरचे वारंवार म्हणत, त्यामुळे केस आपल्याच चुकीने गेले, असे तो मानू लागला होता. मुलीशी ताणाबद्दल बोलताना एवढे जपावे. शिवाय ‘लागण होईल’ या भीतीने मुले तिचा हात धरायचे टाळत नाहीत ना, हेही पाहा. इसब संसर्गजन्य नाही, हे वर्गशिक्षकांनी तिचे नाव न घेता सर्व मुलांना समजावून सांगितले पाहिजे.

पारिजात :
आपण दोघांनी लिहिल्यावर मी तिला जवळ घेऊन विचारले. शेजारच्या मुलीच्या आईने ‘तिच्याजवळ बसू नकोस’ असे सांगितल्यापासून मधल्या सुट्टीत ती एकटीच डबा खाते, आणि हे तिने आम्हाला आजवर सांगितले नव्हते. उद्या सकाळीच वर्गशिक्षिकांना भेटते. मलम आज रात्री नियमाप्रमाणे लावले आहे.