फोटोमागे काही लिहिलेलं नसेल तर भांडी बघा

एकांनी लिहिलंय की घरातल्या जुन्या फोटोच्या मागे नाव-तारीख नसेल तर तो कुणाचा, कधीचा हा शोध तिथेच संपतो. मला नाही पटत. फोटो बाजूला ठेवा आणि माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी खाली काढा. आमच्याकडे रुखवताचा एक फोटो होता, पाठ कोरी. लग्न कुणाचं, कुणालाच सांगता येईना. फोटोत कोपऱ्यात एक घंगाळ (आंघोळीच्या पाण्याचं कड्यांचं मोठं भांडं) दिसतं, एका कडीजवळ पोचा आलेलं. तेच घंगाळ माळ्यावर सापडलं. चिंच-मीठ लावून घासलं तेव्हा काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी घातलेली अक्षरं उमटली: ‘चि. सौ. कां. ताईस मामांकडून, माघ शके 1865’. ताई म्हणजे माझ्या आजीची थोरली बहीण, बाळंतपणात गेलेली. तिचा दुसरा फोटोच नाही हो घरात!

शक वाचताना एक सांभाळा. इसवी सन काढायला सरसकट 78 मिळवू नका. माघ-फाल्गुन इंग्रजी नव्या वर्षात येतात, तिथे 79 मिळवायचे. म्हणजे हे लग्न 1944 चं. आणि कृपा करून जुनी भांडी मोडीत घालण्याआधी काठ आणि बूड नीट वाचा.