अमेरिकेचा ईबी वन ए आणि आपले नर्तक : नाच मोजतात की कागद?

तिहाई
माझी मैत्रीण कथक करते. पुण्यात लहानपणापासून गुरूंकडे तालीम, खजुराहो महोत्सवात त्यांच्या ग्रुपमधून नाचलीये, आता न्यू जर्सीत असते आणि ईबी वन ए टाकायचं चाललंय. म्हणजे ‘एक्स्ट्राऑर्डिनरी अ‍ॅबिलिटी’वाली ग्रीन कार्डची वाट, कंपनी लागत नाही, स्वतःच पिटिशन करता येतं. १० निकषांपैकी किमान ३ बसवायचे, नाहीतर मग एकच पण जगात मान्यता असलेलं मोठं बक्षीस दाखवायचं. वकिलाने फाइल पाहिली आणि म्हणाला पुरावा कमी पडतोय. नाच कमी पडत नाहीये, कागद कमी पडतायत! मला हा सरळसरळ अन्याय वाटतो. आपल्याकडे गुरूंसमोर बसून शिकायचं असतं, कोणी फाइली करत बसत नाही. ज्यांनी स्वतः आयुष्य घातलंय त्या गुरूंनी लिहून दिलं की ही वरच्या दर्जाची आहे, तर त्याच्यापुढे आणखी काय पाहिजे?

दस्तऐवज
पूर्ण असहमत. ती फाइल ज्याच्या टेबलावर जाते त्याने कथक कधी पाहिलेलंही नसेल, सकाळी त्याच्यापुढे शास्त्रज्ञ असतो, दुपारी जिम्नॅस्ट, मग तुमची मैत्रीण. त्याला ततकार, म्हणजे कथकचं पायांचं काम, कळावा ही अपेक्षा का धरायची? आणि गुरूंचं पत्र म्हणजे मुलीच्या बापाने मुलीचं कौतुक करणं झालं, खरं असलं तरी दुसऱ्या कोणीतरी सांगायला लागतं. शिवाय ३ निकष बसले की झालं असंही नाही. अमेरिकेतल्या कोर्टाच्या २०१० च्या कझारियन निकालापासून दोन पायऱ्यांत बघतात, आधी निकष, मग सगळा पुरावा एकत्र धरून ही व्यक्ती आपल्या क्षेत्रात अगदी वरच्या थोड्या लोकांत आहे का ते. पत्रं कितीही जोडा, त्यांच्या मागे दाखवण्यासारखं काही नसेल तर दुसऱ्या पायरीवर अडकतं.

नेपथ्य
मी मैत्रिणींच्या फाइली लावायला मदत करते म्हणून लिहिते. कागद नसतात असं नाही हो, असतात पण कामाचे नसतात. मराठी पेपरातलं कात्रण घ्या. अर्धी बातमी दीपप्रज्वलन कोणी केलं, प्रमुख पाहुणे कोण, सूत्रसंचालन कोणी केलं, आणि शेवटी ‘त्यांच्या शिष्यांनी बहारदार नृत्याने रसिकांना मंत्रमुग्ध केले’. शिष्येचं नाव नाही. निकष काय म्हणतो, मजकूर त्या कलाकाराबद्दल पाहिजे आणि सोबत शीर्षक, तारीख, लेखकाचं नाव पाहिजे. आपल्याकडे लेखकाच्या जागी ‘प्रतिनिधी’! कात्रण कापताना तारखेची पट्टी पण उडालेली. निमंत्रणपत्रिकेवर ‘रविवार, सायं. ६ वा.’, साल कुठेच नाही. मराठी मजकुराचा पूर्ण इंग्रजी अनुवाद आणि अनुवादकाचं सही केलेलं प्रमाणपत्र पण लागतं, ते शेवटच्या आठवड्यात आठवतं.
आणि विशारद, अलंकार या परीक्षा म्हणजे पुरस्कार नाहीत, ते शिक्षण झालं. याउलट संगीत नाटक अकादमीचा बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार (२००६ पासून आहे, ४० वर्षांपर्यंतच्यांना) पुरस्कारात मांडता येतो. स्पर्धेला किंवा परीक्षेला परीक्षक म्हणून गेली असेल तर तोही एक स्वतंत्र निकष आहे, पण बोलावल्याचं पत्र आणि खरंच परीक्षण केल्याचा पुरावा, दोन्ही ठेवा.

ढोलकीचा_ताल
तिहाईंशी सहमत, आणि मी तर पुढे जाऊन म्हणेन की कथक-भरतनाट्यमवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं चाललंय. तमाशातल्या बाईचं काय? यमुनाबाई वाईकरांना अकादमीचा पुरस्कार मिळाला, २०१२ ला पद्मश्री मिळाली, असं नाव असेल तर कोणी प्रश्न विचारणार नाही. पण फडात मागे उभं राहून रात्रभर नाचणारी, जिच्या अदाकारीवर तंबू भरतो, तिचं नाव हँडबिलावरसुद्धा नसतं, फडाचं नाव असतं. तिने निकषांतला ‘लीडिंग रोल’, म्हणजे प्रमुख भूमिका, कशावरून सिद्ध करायचा? निकषांत तिकीटविक्रीचं यश आहे म्हणतात. तंबूचा गल्ला कुठल्या वहीत लिहिलाय आणि ती वही कोणाकडे आहे?

दस्तऐवज
@ढोलकीचा_ताल, तुमचं दुखणं खरं आहे पण त्याचा दोष अमेरिकेच्या नियमाला का? नाव हँडबिलावर न टाकणारे आपलेच लोक आहेत ना. निकष जिथे व्यवसायाला लागूच पडत नाही तिथे तोडीचा दुसरा पुरावा द्यायची सोय नियमातच ठेवलीये. शिवाय दौऱ्यावर यायचं असेल तर पी थ्री व्हिसा वेगळा आहे, परंपरेशी जोडलेल्या कलांसाठीच, त्यात प्रत्येकीने जगात वरची असायला लागत नाही.

नेपथ्य
तिहाई, तुमच्या मैत्रिणीला एक विचारा. इथे ती करते काय? न्यू जर्सीत शनिवार-रविवार मुलांचे क्लास घेत असेल आणि कामाच्या योजनेत फक्त क्लास लिहिणार असेल तर अधिकारी म्हणणार, पुरावा नर्तकीचा आहे आणि काम शिक्षिकेचं. २००२ मध्ये शिकागोच्या कोर्टात एका बेसबॉल खेळाडूचं हेच झालं, खेळाडू म्हणून मोठा होता पण यायचं होतं कोच म्हणून, आणि कोर्टाने नकार कायम ठेवला. नाचाचे कार्यक्रम, ठरलेल्या तारखा, आयोजकांची पत्रं योजनेत दिसली पाहिजेत. नाहीतर आधी ओ वन व्हिसा बघा. कलावंतांसाठी त्यात ‘डिस्टिंक्शन’ पुरतं, ईबी वनपेक्षा कसोटी हलकी आहे, फक्त तो स्वतःचा स्वतः टाकता येत नाही, अमेरिकेतला आयोजक नाहीतर एजंट लागतो, आणि कलावंतांच्या युनियनचं मत जोडावं लागतं.

तिहाई
मुद्दे कळले, कात्रणाचं तर अगदी आमच्याच फाइलचं वर्णन आहे. तरीही माझं मत बदललेलं नाही. ज्या घरात वडील वकील आणि भाऊ आयटीत, तिथली मुलगी दहा वर्षं आधीपासून कागद जपते, ज्या मुलीला हे सांगणारं कोणी नाही ती कितीही चांगली नाचली तरी मागे राहते. हा फरक नाचाचा नाही. दस्तऐवज म्हणतात दोष आपला, असेल, पण भोगायचं त्या मुलीने.

दस्तऐवज
ते मान्य. म्हणून गुरूंनी पत्रात ‘माझी अत्यंत गुणी शिष्या’ लिहिण्यापेक्षा कुठल्या कार्यक्रमात, कुठल्या तारखेला, कोणती रचना हिने एकटीने केली आणि ती हिलाच का दिली हे लिहावं. गुरूंचं असलं पत्र वाचायला मी पण तयार आहे.

तिहाई
ते आज रात्रीच सांगते त्यांना. खजुराहोच्या ब्रोशरमध्ये ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं होती का, तेही विचारते.