चाहत्यांना उत्तर द्यावे का? वानखेडेवरील हुर्योच्या निमित्ताने

धावफलक :
मी एका मराठी दैनिकासाठी क्रिकेटवर लिहितो. या कामाला मला अजून चार वर्षेही झालेली नाहीत, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कोणीतरी ते काढणारच आहे. १ एप्रिल २०२४ रोजी वानखेडेवर राजस्थानविरुद्धच्या आयपीएल सामन्यात मुंबई इंडियन्सचा नवा कर्णधार हार्दिक पंड्या नाणेफेकीला आला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि माजी कसोटीपटू आणि समालोचक संजय मांजरेकरांना ध्वनिक्षेपकावरून लोकांना नीट वागण्यास सांगावे लागले. पाच विजेतेपदे मिळवून देणाऱ्या रोहित शर्माला बाजूला करून डिसेंबर २०२३ मध्ये हार्दिकला कर्णधार केल्याचा तो राग होता. त्या रात्रीच्या लेखात मी प्रेक्षकांना असंस्कृत म्हटले आणि ओघात एक वाक्य लिहून गेलो : ‘वानखेडेने आपल्या माणसाची हुर्यो आजवर कधीच उडवली नव्हती.’

सकाळी प्रतिक्रियांचा पाऊस पडला. मला पैसे कोणता संघ देतो, मी स्वतः कोणत्या पातळीवर खेळलो आहे, असले प्रश्न त्यांत जास्त होते आणि शिव्या त्याहून जास्त होत्या. त्या गर्दीत एका वाचकाने, भाषा अजिबात मऊ न ठेवता, लिहिले होते की मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत २१ चेंडूंत १ धाव करून परतणाऱ्या खुद्द तेंडुलकरची याच मैदानाने हुर्यो उडवली होती, ‘पण तेव्हा तू शाळेत असशील’. होतो, दुसरीत. पडताळून पाहिले तर त्यांचे म्हणणे खरे निघाले. मी त्यांचे जाहीर आभार मानले आणि संकेतस्थळावरील वाक्य बदलून घेतले.

त्या आभारांचे छायाचित्र ‘लेखकाने चूक कबूल केली’ अशा मजकुरासह दिवसभर फिरले आणि एका वाक्याबरोबर माझा सगळा लेखच खोटा ठरवण्यात आला. कार्यालयातील ज्येष्ठांचे मत असे पडले की मी उत्तरच द्यायला नको होते. मला ते पटत नाही. जो तथ्यावर बोट ठेवतो त्याला, तो उर्मट असला तरी, उत्तर द्यावे आणि जो हेतूवर बोट ठेवतो त्याला, तो सौम्य असला तरी, देऊ नये, असे माझे मत आहे. विरोधी मते वाचायला आवडतील.

निवृत्त उपसंपादक :
तुमचे ज्येष्ठ बरोबर आहेत, पण त्यांनी कारण सांगितलेले दिसत नाही. वि. वि. करमरकरांनी महाराष्ट्र टाइम्समध्ये खेळाला हक्काचे पान मिळवून दिले, त्या काळातील वाचक आजच्यापेक्षा शांत होते असे कृपया समजू नका. आमच्याकडे येणारी पत्रे वाचली असतीत तर तुमचा हा गैरसमज तत्काळ दूर झाला असता. फरक एवढाच होता की पत्र यायला तीन-चार दिवस लागत, तोवर लिहिणाऱ्याचा राग निवलेला असे आणि आमचाही, आणि चूक असेल तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात वृत्तपत्राच्या नावाने चार ओळींची दुरुस्ती जाई, लेखकाच्या नावाने नव्हे. चूक वृत्तपत्राची असते. तुम्ही ती स्वतःच्या खात्यावरून, स्वतःच्या नावाने पत्करलीत आणि लोकांच्या हाती एक माणूस दिलात.

शिवाय ‘कधीच’, ‘प्रथमच’, ‘एकमेव’ हे शब्द दिसले की उपसंपादकाचा हात थांबला पाहिजे. तुमचा मजकूर रात्री ज्याने पाहिला, त्याने एक फोन केला असता तर हा धागाच निघाला नसता.

नॉर्थ स्टँडकर :
हुर्यो उडवणाऱ्यांपैकी मी एक आहे. २००६ ची आठवण करून देणारा मी नव्हे, पण त्या दिवशीही मी मैदानात होतो आणि तेव्हा मात्र गप्प बसलो होतो.

लेखकांना एक गोष्ट समजावून सांगणे भाग आहे. संघाचे मालक वर्षभर आम्हांला निष्ठा विकतात, निळे शर्ट विकतात, घोषणा शिकवतात. मग त्याच निष्ठेला एखादा निर्णय रुचला नाही, तर ती नाराजी व्यक्त करायला मालक काही नाणेफेकीला येत नाहीत, समोर कर्णधारच असतो. हार्दिकने व्यक्तिशः आमचे काही बिघडवले नव्हते, हे मलाही कळते. पण पत्रकार कक्षात विनातिकीट बसलेल्या तरुणाने आम्हांला ‘असंस्कृत’ म्हणावे आणि नंतर फक्त एका तारखेची चूक सुधारून सगळे फिटले असे मानावे, हे मला मान्य नाही. आमचा आक्षेप तारखेला नव्हता, त्या विशेषणाला होता. त्याला तुम्ही आजही उत्तर दिलेले नाही, कारण तुमच्या नियमात तो ‘हेतूवर बोट’ या रकान्यात पडतो.

मांजरेकरांनी नीट वागा म्हटले तेव्हा आम्ही थांबलो नाही. सीमारेषेजवळ उभ्या रोहितने हाताने खूण केली, तेव्हा निदान मी तरी थांबलो.

मैदानाबाहेरची :
धावफलक यांचा नियम पुरुष लेखकाला परवडणारा आहे. मी महिला क्रिकेट आणि कबड्डीवर लिहिते. मला येणाऱ्या संदेशांत तथ्य आणि हेतू यांची फारकत करण्याइतकी सवड नसते, कारण दोन्हींच्या आधी माझे दिसणे येते. क्षेत्ररक्षणाच्या रचनेबद्दल अगदी योग्य दुरुस्ती सुचवणाऱ्या एका गृहस्थांनी शेवटच्या ओळीत मला स्वयंपाकघराचा रस्ता दाखवला होता. चूक मी सुधारली, पण त्यांना उत्तर दिले नाही, आणि त्यांच्या दुरुस्तीचे श्रेय त्यांना न दिल्याचा मला यत्किंचितही खेद वाटत नाही. उर्मटपणा सोसणे हा सद्गुण म्हणून मांडताना तो कोणाला किती महाग पडतो, याचाही विचार व्हावा.

धावफलक :
मैदानाबाहेरची, तुमचे म्हणणे मान्य. ‘तो उर्मट असला तरी’ हे शब्द मी मागे घेतो.

‘कोणत्या पातळीवर खेळलात’ या प्रश्नाला मात्र मी यापुढेही उत्तर देणार नाही. २०१९ च्या विश्वचषकात मांजरेकरांनी रवींद्र जडेजाच्या उपयुक्ततेवर शंका घेतली, तेव्हा जडेजाने जाहीरपणे सुनावले होते की तुमच्यापेक्षा दुप्पट सामने मी खेळलो आहे. ३७ कसोटी आणि ७४ एकदिवसीय सामने खेळलेल्या माणसाचाही बोलण्याचा हक्क तेथे अपुरा ठरत असेल, तर आंतरमहाविद्यालयीन संघात बारावा असलेल्या माझी काय कथा! पुढे उपांत्य सामन्यात जडेजाने ५९ चेंडूंत ७७ धावा केल्या आणि मांजरेकरांनी आपला अंदाज साफ चुकल्याचे मोकळेपणाने सांगितले. त्या कबुलीने त्यांचे वजन घटले असे मला वाटत नाही, आणि उपसंपादकसाहेब, ती त्यांनी स्वतःच्याच नावाने दिली होती.

नॉर्थ स्टँडकर, ‘असंस्कृत’ या शब्दाबद्दल : तो मी रात्री साडेअकराला, पाने सुटण्याच्या घाईत लिहिला. आज लिहिला नसता. हुर्यो चुकीची होती, हे मत मात्र कायम आहे.

निवृत्त उपसंपादक :
मांजरेकर हे स्वतःच एक नाव आहे, तुमच्या मागे वृत्तपत्राचे नाव आहे. हा भेद तुम्ही पुसून टाकत आहात आणि त्याची किंमत तुम्हांला एकट्याला मोजावी लागेल, एवढेच माझे म्हणणे होते. ते बदललेले नाही.

नॉर्थ स्टँडकर :
विशेषण मागे घेतलेत, ठीक. मत कायम ठेवलेत, तेही ठीक, माझेही कायमच आहे. २०२४ च्याच २९ जूनला बार्बाडोसला हार्दिकने शेवटचे षटक टाकून विश्वचषक जिंकून दिला आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर ‘हार्दिक, हार्दिक’ असा गजर झाला, त्यातही माझा आवाज होता. त्यावर तुम्ही काही लिहिले होते का? मी शोधले, मला सापडले नाही.